डोंगराला चढलेला कळंक

माझं आजोळ पुण्याच्या कसबा पेठेतलं, तांबट आळीतलं. सुट्टीत तिथं गेलं की पहाटे जाग यायची ती ठोक्यांनीच. आधी एका घरातून, मग समोरच्या, मग सगळ्या आळीतून. आजोबा ओटीवर बसून मठारकाम करत. तापवून मऊ केलेलं घंगाळ खरवईवर उलटं धरायचं आणि हातोडीचा ठोका ठोक्याशेजारी असा द्यायचा की दोहोंमध्ये मोकळी जागा राहू नये. पूर्ण झालेल्या घंगाळावर शेकडो छोटे आरसे चमकत. आमचे पूर्वज कोकणातून पेशव्यांच्या काळात इथं आले, तेव्हा तोफा आणि नाणीही घडवत, असं आजोबा सांगत. स्वतः ते बाराव्या वर्षी ओटीवर बसले. साल १९३६. ते त्यांच्या पक्कं लक्षात होतं, कारण त्याच वर्षी त्यांचे वडील वारले.

आजीच्या स्वयंपाकघरात एक कायदा होता. तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवावं, आंबट ठेवू नये. एका उन्हाळ्यात मी उरलेलं ताक कल्हई उडालेल्या गडूत ओतून तसंच विसरले. संध्याकाळपर्यंत त्यावर हिरवट झाक आली. आजी ते मोरीत ओतायला निघाली. "कळकलं गं सगळं!" तेवढ्यात रजेवर आलेल्या मामानं तिचा हात धरला. गडू उजेडात नेला, मला जवळ बोलावलं आणि म्हणाला, "ताकानं भांड्यातलं तांबं खाल्लंय. आंबट पाण्याला तांबं उचलून नेता येतं. एवढं लक्षात ठेव. पृथ्वीवरच्या कितीतरी तांब्याच्या खाणींची गोष्ट इथूनच सुरू होते."

मामा भूवैज्ञानिक होता. तांबटाचा मुलगा, पण हातोडी घेऊन दगडामागे गेला. त्याची बरीच वर्षं मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यातल्या मलाजखंडच्या जंगलात, तंबूत गेली. आजोबा त्याची ओळख करून देताना म्हणत, "आम्ही तांबं ठोकतो, हा तांबं शोधतो." त्यात अभिमान होता आणि एक जुनं कुतूहलही. आजोबांना पत्रा मुंबईहून येतो एवढं माहीत होतं. त्याआधी तो कुठून येतो, हे त्यांनी आयुष्यभर हाताळलेल्या धातूबद्दल त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मामानं ते सांगितलं. जेवणं झाल्यावर ओटीवर, हातोड्या शांत झाल्यावर. मी त्या दोघांच्या मध्ये बसून ऐकलेली ही गोष्ट आहे.

मामा आधी स्वयंपाकघरातून आणलेली चुन्याची डबी पुढ्यात ठेवी. जमिनीच्या पोटात खोलवर शिलारस असतो. तो वर चढता चढता कधी चुनखडीच्या थरांत घुसतो. चुनखडी म्हणजे जुन्या समुद्राच्या तळाशी साचलेले शंख-शिंपले, प्रवाळ, चुना. शिलारसाच्या आचेनं आधी ती भाजते आणि तिचा संगमरवर होतो. मग शिलारस निवू लागला की त्यातून कढत, आंबट, खारं पाणी सुटतं. त्या पाण्यात सिलिका असते, लोह असतं, गंधक असतं आणि तांबंही. अगदी कळकलेल्या ताकासारखं. ते भेगांतून चुनखडीत शिरलं की चुन्यानं त्याचा आंबटपणा मरतो. आंबटपणा मेला आणि पाणी निवलं की तांबं धरून ठेवायची त्याची ताकद संपते, आणि ते तांबं तिथंच टाकून देतं.

"पण चुनखडी तरी तशीच कशी राहील?" मामा विचारी आणि आजोबांच्या उजव्या हाताकडे बघे. कुणा ज्योतिषानं राहूसाठी सांगितलेला गोमेद आजोबांच्या अंगठीत होता. गोमेद हा गार्नेटच्या कुळातला, चुना असलेला दगड. चुनखडीतला चुना आणि शिलारसाकडून आलेली सिलिका, ॲल्युमिनियम आणि लोह यांच्या मिलाफातून गार्नेटचं हे कूळ जन्माला येतं आणि चुनखडीतला कार्बन वायू होऊन निघून जातो. गार्नेट आणि त्याच्या सोबत्यांच्या अशा खडकाला भूवैज्ञानिक 'स्कार्न' म्हणतात. शब्द स्वीडनच्या खाणकामगारांचा. खनिजाच्या अवतीभवती असणाऱ्या, त्यांच्या लेखी टाकाऊ असलेल्या दगडाला ते स्कार्न म्हणत. एकोणिसाव्या शतकात तिथल्या शास्त्रज्ञांनी तो शब्द शास्त्रात आणला. टाकाऊ दगडाचं नाव पुढं खजिन्याची खूण ठरलं.

आजोबांनी तेव्हा अंगठी काढून दिव्याशी धरल्याचं मला आठवतं. राहूचा खडा म्हणून वीस वर्षं वागवलेला तो दगड ते पहिल्यांदाच नुसता दगड म्हणून बघत होते.

शोधणाऱ्यासाठी स्कार्नमध्ये एक क्रम असतो. निवालेल्या शिलारसाला लागून तपकिरी-लाल गार्नेट, मग हिरवट-पिवळं, आणि मग पांढरा संगमरवर. तांब्याच्या खनिजांपैकी पितळेसारखा पिवळा चाल्कोपायराइट बहुधा आतल्या बाजूला, तर मोराच्या मानेचे रंग दाखवणारा बोर्नाइट संगमरवराकडे सरकलेला. म्हणून हाती आलेल्या गार्नेटच्या रंगावरून जाणता माणूस सांगू शकतो, शिलारस इथून किती लांब आणि खणायचं कोणत्या दिशेला. तरी स्कार्न मोठा फसवा. मळलेल्या कणकेला भेगेत दाबावं तसा तो वाट मिळेल तिकडे पसरतो, फुगतो आणि एकदम तुटतो. ओढ्यातले दगड वेचायचे, उगम शोधत वर चढायचं, लोहचुंबकी दगड असेल तर चुंबकमापक घेऊन रेघा ओढत फिरायचं, आणि शेवटी हिऱ्याच्या दातांच्या पोकळ नळीनं भोक पाडायचं. नळीतून दंडगोलासारखा दगड निघतो, त्याला गाभा म्हणायचं. तो पेटीत क्रमानं मांडायचा आणि प्रत्येक हाताची नोंद ठेवायची. खोली, रंग, ढाळ, तांब्याची टक्केवारी. "नोंद नसलेला नमुना म्हणजे रस्त्यावरचा दगड," हे मामाचं ब्रीद. त्याच्या फडताळातल्या प्रत्येक दगडावर ठिकाण आणि तारीख चिकटवलेली असे.

मलाजखंडचं तांबं मात्र स्कार्नमधलं नाही. तिथं चुनखडी भेटलीच नाही. ते ग्रॅनाइटमधल्या गारेच्या शिरांत बसलं आहे आणि सुमारे अडीचशे कोटी वर्षांपूर्वीचं आहे. पण त्या जंगलातल्या रात्री शेकोटीशी मामाच्या वरिष्ठांनी सगळ्यांना जी गोष्ट सांगितली, आणि मामानं आम्हाला, ती जगातल्या एका अद्भुत स्कार्नची होती.

न्यू गिनी बेट विषुववृत्ताच्या जवळ. १६२३ मध्ये यान कार्स्टेन्स नावाचा डच दर्यावर्दी त्याच्या दक्षिण किनाऱ्यावरून चालला असताना त्याला लांबवर ढगांच्या वर बर्फ दिसलं. त्यानं ते लिहून ठेवलं. युरोपात लोक हसले, विषुववृत्तावर बर्फ कसलं! तो डोंगर आज साऱ्या जगाला माहीत आहे. त्याचं शिखर ४,८८४ मीटर उंच. तिथल्या अमुंगमे लोकांना तो आधीपासून माहीत होता. ते त्याला नेमांगकावी म्हणत.

१९३६ मध्ये तीन डच माणसं त्या बर्फाकडे निघाली. अँटन कोलाइन, वैमानिक फ्रिट्स विसेल आणि २८ वर्षांचा भूवैज्ञानिक जाँ जाक डोझी. किनाऱ्यावरची दलदल, मग घनदाट जंगल, मग सरळ उभे कडे. डिसेंबरात ते हिमनद्यांच्या पायथ्याशी पोहोचले. तिथं, साडेतीन हजार मीटरहून उंचावर, हिमनदीनं खरवडलेल्या दरीत, डोझीला एक काळा कडा एकटाच उभा दिसला. भोवतालची चुनखडी फिकट, आणि हा काळाकुट्ट. त्यावर हिरवे-निळे ओघळ.

मामा इथं थांबे आणि आजी आतून म्हणे, "कळंक!" तिनं ही गोष्ट इतक्यांदा ऐकली होती.

कळंकच तो. तांब्याच्या खनिजावर हवा-पाण्यानं चढलेला. तो कडा म्हणजे एक प्रचंड तांब्याचा स्कार्न होता. समुद्राच्या तळाची चुनखडी वर उचलली जाऊन डोंगर झालेली आणि त्यात सुमारे तीस लाख वर्षांपूर्वी शिलारस घुसलेला. मलाजखंडच्या मानानं कालपरवाची घटना. त्या ठिकाणी लोहचुंबकी दगड अमाप तयार झाला होता, म्हणून रंग काळा आणि अंग टणक. हिमनदीनं आजूबाजूचं सगळं घासून नेलं, हा मात्र तिला पुरून उरला. खाणीसाठी जमिनीच्या पोटात शिरावं लागतं, इथं अख्खी खाण जमिनीवर उभी होती.

डोझीनं नमुने फोडले, कड्याचं चित्र काढलं आणि त्याला डच भाषेत साधं नाव दिलं, एर्ट्सबर्ग. म्हणजे खनिजाचा डोंगर. जवळच्या गवताळ टेकाडाला नाव दिलं ग्रासबर्ग, गवताचा डोंगर. घरी परतल्यावर नमुने तपासले आणि १९३९ मध्ये लायडनच्या भूविज्ञानाच्या नियतकालिकात सगळं छापलं. त्याच वर्षी महायुद्ध पेटलं. कोलाइन पुढे जपान्यांच्या कैदेत वारला. डोझीचा लेख ग्रंथालयात पडून राहिला.

"वीस वर्षं," मामा बोटं उघडून दाखवी. "डोंगर जागेवर, तांबं जागेवर, लेख छापलेला. वाचणारा नाही."

१९५९ मध्ये यान फान ग्रुइसन नावाचा डच खाणव्यावसायिक जुने अहवाल चाळत असताना त्याच्या हाती तो लेख लागला. त्यानं तो फ्रीपोर्ट या अमेरिकी कंपनीच्या फोर्ब्स विल्सनला दाखवला. विल्सन भूवैज्ञानिक होता, त्याला चित्रातला कडा पुरेसा होता. १९६० मध्ये तो निघाला. तीच दलदल, तेच जंगल, बहुतेक वाट पायी, सोबत स्थानिक माणसं. कड्याशी पोहोचून त्यानं हातोडी चालवली. डोझीनं लिहिलेलं अक्षरशः खरं निघालं. विल्सननं या शोधाचं पुस्तक पुढे लिहिलं, तेच मामाच्या वरिष्ठांकडून मामाकडे आलं होतं आणि पानं सुटी होईपर्यंत वाचलं गेलं होतं.

मग राजकारणानं वाट अडवली. १९६३ मध्ये तो प्रदेश डचांकडून इंडोनेशियाकडे गेला. एप्रिल १९६७ मध्ये इंडोनेशियाच्या सरकारनं कंपनीशी करार केला. त्या प्रदेशाचं भवितव्य ठरवणारं वादग्रस्त मतदान १९६९ चं. म्हणजे करार आधी आणि लोकांना विचारणं नंतर. कराराआधी किंवा कराराच्या वेळी अमुंगमेंना कुणी विचारलंच नाही. हेलिकॉप्टरनं यंत्रं आणून भोकं पाडली गेली, गाभे निघाले आणि हिशेब मांडला गेला. तीनेक कोटी टन खनिज, त्यात तांबं शेकडा अडीचच्या आसपास, शिवाय थोडं सोनं. किनाऱ्यापासून डोंगरापर्यंत रस्ता कोरला, कडा उतरायला तारेवरचे पाळणे बांधले, आणि दळलेलं खनिज पाण्यात कालवून शंभराहून अधिक किलोमीटर लांब नळातून बंदरावर सोडलं. १९७२ च्या डिसेंबरात पहिलं जहाज जपानकडे गेलं.

१९७३ मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तोंनी खाणीचं उद्घाटन केलं. डोंगरातल्या खाणगावाचं नाव ठेवलं तेंबागापुरा. मलय भाषेत तांब्याला 'तंबागा' म्हणतात. हा शब्द आपल्याच ताम्र-तांब कुळातला, शेकडो वर्षांपूर्वी व्यापाऱ्यांबरोबर समुद्रापार गेलेला. आणि 'पुरा' म्हणजे आपलं पूर.

हे मामानं प्रथम सांगितलं तेव्हा आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे तांबट आळीच की ती."

लहानपणी मला गोष्ट इथं संपलीशी वाटे. मी मोठी झाले, मामा निवृत्त झाला, आणि मग एका पावसाळ्यात त्यानं मला पुढचा भाग सांगितला. तो त्याला शेकोटीशी कुणी सांगितला नव्हता. त्यानं तो स्वतः नंतर, एकेक वाचून गोळा केला होता.

अमुंगमेंच्या वडीलधाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं होतं की ते उंच डोंगर म्हणजे आईचं डोकं. तिचं अंग खाली समुद्रापर्यंत पसरलेलं, आणि नद्या म्हणजे तिचं दूध. डोक्यावर पाय ठेवायचा नसतो. पाहणीच्या काळात त्यांनी तंबूंभोवती मनाईच्या काठ्या रोवल्या. आलेल्यांना त्या काठ्या दिसल्या, त्यांचा अर्थ मात्र कुणी मानला नाही. अमुंगमेंशी पहिला करार झाला १९७४ च्या जानेवारीत, उत्पादन सुरू झाल्यानंतर. १९७७ मध्ये खनिजाचा नळ कापला गेला आणि त्यावर लष्करी कारवाई झाली. माणसं मेली, लोक जंगलात पांगले.

ऐंशीचं दशक संपता संपता एर्ट्सबर्ग संपला. काळा कडा जिथं उभा होता तिथं खोल खड्डा उरला. त्याच सुमारास, १९८८ मध्ये, जेमतेम तीन किलोमीटरवरच्या ग्रासबर्गमध्ये भोकं पाडली गेली. डोझीनं गवताचा म्हणून नाव दिलेला तो डोंगर तांब्या-सोन्याचा निघाला, जगातल्या सर्वांत मोठ्या साठ्यांपैकी एक. तिथं शिलारसातच तांबं पसरलं होतं आणि कडेच्या चुनखडीत पुन्हा स्कार्न होते. तोही डोंगर वरून खाली कोरत नेला. २०१९ पर्यंत उघडी खाण चालली, आता काम भुयारांत चालतं. दगड दळून उरलेला गाळ दिवसाला लाखो टन नदीत गेला. ज्या नद्यांना ते लोक आईचं दूध म्हणत, त्यांत.

"डोझीच्या लेखात चूक नव्हती," मामा म्हणाला. "रंग, खडक, खनिज, सगळं बरोबर. विल्सनचंही बरोबर. पण एक रकाना कुणाच्याच वहीत नव्हता. हा डोंगर कुणाचा?" मग त्यानं स्वतःच्या वह्या काढल्या. मलाजखंडच्या, जाड पुठ्ठ्याच्या, पावसानं फुगलेल्या. पानापानावर खोली, ढाळ, टक्केवारी, सगळं नेटकं. "तिथं एक बैगा आदिवासी म्हातारा रोज येऊन यंत्राशी बसायचा. कुठल्या दगडापाशी काय वाहायचं, पाणी कुठं आटत नाही, टेकडीचं जुनं नाव काय, सगळं सांगायचा. मी ऐकायचो. मला आवडायचं. पण एक ओळ लिहून घेतली नाही. वाटायचं, हे माझ्या कामाचं नाही. आता ती टेकडी नाही. तो म्हातारा नाही. आणि मला ते नाव आठवत नाही."

मामाला मी एवढं उदास कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून मी लिहायला लागले. आधी आजोबांचं. ते तेव्हा थकले होते, हात कापत होता, पण घंगाळाच्या बुडापासून काठापर्यंत ठोक्यांचा क्रम त्यांनी मला सांगितला आणि मी तो लिहून घेतला. भट्टीतून काढलेला पत्रा किती लाल झाला की पाण्यात टाकायचा. कल्हईला कथील किती आणि नवसागर किती. चिंचेनं घासल्यावर भांडं लख्ख का होतं, हे मामानं समजावलं. तिथंही आंबट पाणी तांब्यावरचा कळंक उचलून नेतं. आजीचं "कळकलं गं" मी तारखेसह लिहिलं.

आज ते तिघंही नाहीत. आळीत अजून काही ओट्यांवर ठोके पडतात, पण पूर्वीसारखी सगळी आळी एकदम जागी होत नाही. स्टीलनं आणि प्लास्टिकनं ते काम नेलं. विजेच्या तारांत, मोटारींत, फोनमध्ये मात्र तांबं पूर्वीपेक्षा जास्त लागतं. सौर आणि पवन ऊर्जेला तर आणखी लागणार आहे. त्यासाठी नवे डोंगर शोधले जातील, आणि शोधावेही लागतील. मामाच्या विद्येवर माझी श्रद्धा आहे. गार्नेटच्या रंगावरून डोंगराच्या पोटातली दिशा सांगणारी विद्या थोर आहे. पण जो शोधायला जाईल त्यानं वहीत तो एक रकाना आधी आखावा, आणि तो तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून भरावा. तो भरल्यावर काही डोंगर तसेच ठेवावे लागले, तर ठेवावेत.

एर्ट्सबर्ग आता पाहायचा तर जुन्या फोटोंत आणि १९३६ मधल्या एका तरुणानं काढलेल्या चित्रात. आणि ज्या वडीलधाऱ्यांनी तो आईच्या डोक्यासारखा जपला, त्यांच्या सांगण्यात. चित्र छापलं गेलं म्हणून टिकलं. सांगणं टिकतं ते कुणी ऐकून घेतलं तरच. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर आज संध्याकाळी त्याच्यापाशी बसा. जे सांगेल ते त्याच रात्री लिहून ठेवा, आणि खाली ठिकाण आणि तारीख घालायला विसरू नका.